सूर्यफूल तारामासा वाढवताना: पिल्लाच्या पहिल्या घासापासून मागे येत आखणी

टाकीत सूर्यफूल तारामासे वाढवायला घेणारी माणसं बऱ्याचदा एकाच ठिकाणी अडकतात. अंडी मिळतात, फलन होतं, अळ्या दोन महिने छान पोहतात, शेकडो पिल्लं तळाला बसतात आणि पुढच्या काही आठवड्यांत भांडी रिकामी होत जातात. मग पाणी तपासलं जातं, तापमान तपासलं जातं, रोगाची शंका घेतली जाते. पण त्या जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या पिल्लाला पेलेल असं जिवंत भक्ष्य त्या दिवशी प्रयोगशाळेत होतं का, हे फार कमी जण विचारतात. असं भक्ष्य वाढवायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे त्याची तयारी ताऱ्यांच्या अंड्यांच्याही आधी सुरू व्हायला हवी.

हा लेख पिक्नोपोडिया हेलियँथॉइडिस या एकाच जातीबद्दल आहे. अलास्कापासून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंतच्या थंड पाण्यात राहणारा, १६ ते २४ हातांचा, मीटरभर पसरणारा हा शिकारी. २०१३ पासून पसरलेल्या झड रोगात (ज्यात ताऱ्याचे हात गळून अंग विरघळत जातं) यांच्यातले ९० टक्क्यांहून अधिक मेले आणि २०२० मध्ये निसर्गसंवर्धनाच्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. वॉशिंग्टन राज्यातल्या सान हुआन बेटावर, फ्रायडे हार्बर प्रयोगशाळेत २०१९ पासून त्याची पैदास चालू आहे. नंतर कॅलिफोर्नियातली मत्स्यालयंही यात उतरली. अशा ठिकाणी विद्यार्थी, प्रशिक्षणार्थी किंवा स्वयंसेवक म्हणून हात लावणाऱ्यांसाठी पुढचे टप्पे आहेत.

घरच्या मत्स्यालयात करायची ही गोष्ट नाही. तारा समुद्रातून उचलायला, ठेवायला आणि परत सोडायला त्या त्या राज्याची परवानगी लागते, आणि ती संस्थेच्या नावाने मिळते.

## टप्पा १: उलटं वेळापत्रक

हा टप्पा कागदावरचा आहे म्हणून लोक तो उरकतात. खरं तर निम्मं यश इथेच ठरतं.

समजा, १ फेब्रुवारीला ताऱ्यांची अंडी घ्यायची आहेत. १० ते १२ अंश सेल्सियस पाण्यात पहिल्या अळ्या साधारण सात आठवड्यांनी तळाला बसायला, म्हणजे पोहणं सोडून चिकटून पिल्लू व्हायला, तयार होतात. सगळ्या मात्र एकदम होत नाहीत. एकाच आईबापांच्या, एकाच बरणीतल्या अळ्यांमध्येही तीन-चार आठवड्यांचा फरक पडतो. म्हणजे पिल्लं मार्चच्या अखेरीपासून मेपर्यंत थोडी थोडी येत राहणार, आणि त्या सगळ्या काळात बारीक भक्ष्य हाताशी हवं.

सर्वांत भरवशाचं पहिलं भक्ष्य म्हणजे नुकतीच तळाला बसलेली अर्चिनची (गोल, काटेरी समुद्री प्राण्याची) पिल्लं. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जांभळ्या अर्चिनची अळी बसायला पाच ते सात आठवडे घेते. हे धरून मागे या:

१. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा: सूक्ष्म शैवालाची बीजं वाढवायला घ्या. ऱ्होडोमोनास आणि ड्युनालिएला ही दोन तरी हवीत.

२. जानेवारीचा मध्य: अर्चिनची पहिली तुकडी.

३. फेब्रुवारीची सुरुवात: ताऱ्यांची अंडी, आणि त्याच आठवड्यात अर्चिनची दुसरी तुकडी.

४. त्यानंतर मार्चअखेरपर्यंत दर तीन आठवड्यांनी अर्चिनची आणखी एक तुकडी.

५. फेब्रुवारीचा मध्य: पिल्लं बसवण्यासाठीच्या काचा आणि डबे वाहत्या समुद्राच्या पाण्यात ठेवा, म्हणजे त्यांच्यावर जीवाणू-शैवालांची पातळ साय धरेल.

दर तीन आठवड्यांनी कशाला, एकदाच भरपूर अर्चिन का करू नयेत, असा प्रश्न हमखास येतो. अर्चिनचं पिल्लू वाढत जातं आणि त्याचे काटेही. जानेवारीतलं अर्चिन एप्रिलअखेरीस बसलेल्या ताऱ्याला गिळता येत नाही. तुकड्या वेगवेगळ्या वयाच्या असतील तरच प्रत्येक मापाच्या ताऱ्याला त्याच्या मापाचा घास मिळतो.

इशारा: जांभळे अर्चिन हिवाळ्यात अंड्या-शुक्रांनी भरलेले असतात, पण वसंत लागला की रिकामे होऊ लागतात. मार्चच्या तुकडीसाठी लागणारे मोठे अर्चिन जानेवारीतच बाजूला काढा, थंड पाण्यात ठेवा आणि केल्प (मोठं समुद्री शैवाल) भरपूर घाला.

तपासा: अंडी सोडावीत म्हणून ताऱ्यांना संप्रेरक टोचण्याच्या दिवशी बरणीत अर्चिनच्या अळ्या पोहताना दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर ताऱ्यांची तारीख पुढे ढकला.

## टप्पा २: भांडी आणि पाणी

अंडी आणि अळ्यांसाठीची काचभांडी कायमची वेगळी असावीत. ज्या बीकरला एकदाही साबण, फॉर्मॅलिन किंवा अल्कोहोल लागलं असेल तो कितीही धुतला तरी या कामाचा नाही. वेगळी भांडी, वेगळं कपाट आणि प्रत्येक भांड्यावर न पुसणारी खूण ठेवा. धुवायला गरम पाणी आणि स्वच्छ ब्रश पुरतो, शेवटी गोड्या पाण्याने खळखळून काढायचं. हातमोजे बिनपावडरचे. हाताला क्रीम लावून आलेल्या माणसाला त्या दिवशी नोंदवहीचं काम द्या.

पाणी एक मायक्रॉनपर्यंत गाळलेलं आणि अतिनील दिव्याखालून आलेलं असावं. ते आदल्या दिवशीच भरून अळ्यांच्याच खोलीत ठेवा. नव्या आणि जुन्या पाण्याच्या तापमानात एका अंशाहून जास्त फरक नको.

रत्नागिरी किंवा मुंबईच्या प्रयोगशाळेत अर्चिनवर हात बसवून गेलेल्यांना इथे वेळेचा चकवा लागतो. आपल्या २७-२८ अंशांच्या पाण्यात अर्चिनची अळी दिवस-दीड दिवसात खायला लागते. ११ अंशांच्या पाण्यातल्या ताऱ्याला तिथवर यायला चार-पाच दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी काही होत नाही म्हणून तापमान वाढवू नका आणि शैवालही ओतू नका.

## टप्पा ३: आईबाप निवडणं आणि विलगीकरण

२०२५ च्या ऑगस्टमध्ये झड रोगाचं कारण प्रसिद्ध झालं: व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा या जीवाणूचा एक वाण. आजारी ताऱ्याच्या देहगुहेतला द्रव निरोगी ताऱ्याला टोचला की तो आजारी पडत होता. तोच द्रव तापवून किंवा अतिबारीक गाळणीतून काढून टोचला तर काही होत नव्हतं. पैदास करणाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्यायच्या: रोग पाण्यातून आणि हत्यारांतून फिरू शकतो, आणि पाण्यावर नीट प्रक्रिया केली तर तो अडवता येतो.

म्हणून नवा तारा थेट मुख्य टाकीत जात नाही. त्याला वेगळं पाणी, वेगळी जाळी, वेगळी बादली मिळते. मी महिनाभराहून कमी विलगीकरणावर समाधान मानत नाही. त्या काळात रोज पाहायचं ते असं:

- हात पिळवटल्यासारखे वळणं
- अंग फुस्स होऊन सपाट पडणं
- त्वचेवर पांढरट चट्टे
- हात गळून पडणं
- तळाला धरून ठेवण्याची ताकद कमी होणं

यातलं एक लक्षण एकदाच दिसलं तर ते हाताळणीमुळेही असू शकतं. हा तारा घाबरला की स्वतःहून हात टाकतो. दोन लक्षणं एकत्र दिसली तर मात्र वाट पाहू नका. त्या टाकीचं पाणी आणि सामान बंद करा आणि त्या दिवशी ती टाकी सगळ्यांत शेवटी हाताळा.

खाद्याकडे दुर्लक्ष होतं. व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा ही जात आधी माहीत झाली ती शिंपल्यांच्या अळ्यांना मारणारी म्हणून. त्यामुळे ताऱ्यांना घालायचे शिंपले कुठून आले आणि कुठल्या पाण्यात ठेवले होते, हे लिहून ठेवा. विलगीकरणातल्या ताऱ्यापुढे टाकलेला आणि उरलेला शिंपला दुसऱ्या टाकीत कधीच जाऊ नये. काटकसर करायला इतर जागा पुष्कळ आहेत.

किती आईबाप हवेत? एक नर आणि एक मादी घेतली तर लाखो अळ्या मिळतात आणि तिथेच फसगत होते. समुद्रात परत पाठवायच्या पिढीत जनुकांची विविधता हवी, म्हणून प्रत्येक मादीची अंडी वाटून वेगवेगळ्या नरांशी जुळवायची आणि प्रत्येक जोडीची बरणी वेगळी ठेवायची. सगळ्यांचे शुक्राणू एकत्र ओतले तर सर्वांत जोमदार नर बाकीच्यांना मागे टाकतो आणि कागदावर पाच बाप असले तरी पिल्लं एकाचीच निघतात.

## टप्पा ४: अंडी आणि शुक्राणू मिळवणं

आधी तारा भरलेला आहे की नाही ते पाहा. हाताच्या बुडाशी बारीक छेद किंवा जाड सुई वापरून अंडाशयाचा अगदी लहान तुकडा काढता येतो. तो १-मिथाइलॅडेनिन या अंडी पिकवणाऱ्या संप्रेरकाच्या १ मायक्रोमोलर द्रावणात ठेवायचा. तयार अंड्यात मधोमध मोठं, गोल, काचेसारखं केंद्रक दिसतं. संप्रेरक लागू पडलं की तास-दोन तासांत ते विरघळून दिसेनासं होतं. ते विरघळलं नाही तर या मादीला आज टोचण्यात अर्थ नाही.

पूर्ण ताऱ्याला टोचायचं असेल तर:

१. तारा पाण्याखालीच सपाट ट्रेवर घ्या. एका हाताला धरून उचलू नका, तो हात तुमच्याकडे ठेवून तारा निघून जाईल.

२. ताऱ्याचं आकारमान अंदाजा. गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात केलेलं त्याच संप्रेरकाचं १०० मायक्रोमोलर द्रावण दर १०० मिलिलिटर आकारमानाला साधारण १ मिलिलिटर या हिशेबाने घ्या.

३. एका जागी सगळं न टोचता तीन-चार हातांच्या बुडाशी, वरच्या बाजूने, वाटून टोचा. सुई उथळ ठेवा.

४. प्रत्येक ताऱ्याला स्वतंत्र टब द्या. नर सहसा आधी सोडतात, मादीला दोन तास किंवा जास्तही लागतात. तेवढ्यात दुसरा डोस देऊ नका.

शुक्राणू पाण्यात मिसळण्याआधी, छिद्राजवळूनच पिपेटने ओढून घ्या आणि झाकण लावून बर्फावर ठेवा. असे घट्ट शुक्राणू दिवसभर टिकतात. पाण्यात पडले की त्यांचं आयुष्य भराभर संपतं. अंड्यांचं उलट आहे. ती मोकळी, भरपूर पाण्यात, एका थरात ठेवायची आणि काही तासांत वापरायची.

इशारा: नर आणि मादी एकाच ओट्यावर, एकाच पिपेटच्या आवाक्यात ठेवू नका. नकळत झालेल्या फलनाचा बाप कोण ते नंतर कळत नाही आणि ती अख्खी तुकडी सोडण्याच्या दृष्टीने बाद होते.

## टप्पा ५: फलन आणि पहिले पाच दिवस

घट्ट शुक्राणूंचा एक थेंब १० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. सूक्ष्मदर्शकाखाली ते पोहत आहेत ना, पाहा. मग त्या पातळ पाण्याचे मोजके थेंब अंड्यांच्या बीकरमध्ये टाकून हलकेच ढवळा. पाणी दुधाळ दिसायला लागलं तर शुक्राणू जास्त झाले. एका अंड्यात अनेक शुक्राणू शिरले की विभाजन वेडंवाकडं होतं आणि दुसऱ्या दिवशी तळाला गाळ साचतो.

काही मिनिटांत अंड्याभोवती पारदर्शक पापुद्रा उचललेला दिसतो. अर्चिनच्या अंड्यावर तो ठसठशीत असतो, ताऱ्याच्या अंड्यावर अंगाला लागून. पापुद्रा दिसत नाही म्हणून आणखी शुक्राणू ओतण्याची चूक अर्चिनची सवय असलेले लोक करतात. आधी दुसरं भिंग लावा, प्रकाश कमी करा आणि पुन्हा बघा.

तपासा: शंभर अंडी मोजा. नव्वदहून जास्त फलित असतील तर पुढे जा. साठ-सत्तर असतील आणि हा नर-मादी संच महत्त्वाचा असेल तरच ठेवा. त्याखाली असेल तर टाकून द्या. मरणारी अंडी चांगल्यांचंही पाणी नासवतात.

मग जादा शुक्राणू धुवायचे. अंडी तळाला बसू द्या, वरचं पाणी ओता, नवं घाला, असं तीनदा. बीकरच्या तळाशी अंड्यांचा एकच विरळ थर हवा.

दुसऱ्या दिवशी एक दृश्य नवख्यांना घाबरवतं. गोल गुळगुळीत असायला हवा तो गर्भ सुरकुतलेला, घड्या पडलेला दिसतो. तारामाशांमध्ये ही अवस्था स्वाभाविक आहे, थोड्या वेळाने घड्या आपोआप सुटतात. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या तुकड्या सिंकमध्ये गेलेल्या आहेत.

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गर्भ पापुद्र्यातून बाहेर पडून वर पोहू लागतात. वरचं पोहणारं पाणी अलगद नव्या बरणीत ओता, तळाचं सगळं सोडून द्या. पुढच्या सगळ्या कामात या एका कृतीइतका फायदा क्वचितच कशाने होतो.

## टप्पा ६: अळ्यांचे दोन महिने

चौथ्या-पाचव्या दिवशी अळीचं तोंड आणि आतडं चालू होतं. खाद्य तेव्हापासून.

गर्दी. सुरुवातीला दर मिलिलिटरला फार तर एक अळी. तीन आठवड्यांनंतर दोन-तीन मिलिलिटरला एक, आणि शेवटच्या अवस्थेत पाच मिलिलिटरला एक किंवा त्याहून विरळ. लोकांना अळ्या टाकून देववत नाहीत, म्हणून ते बरणी गच्च ठेवतात आणि सगळ्याच खुरटतात. दोन लिटरच्या बरणीत चारशे धष्टपुष्ट अळ्या हे चार हजार उपाशी अळ्यांपेक्षा चांगलं पीक आहे.

हालचाल. हवेचे बुडबुडे सोडू नका. हात-झालरी फुटलेल्या अळ्या बुडबुड्यांत अडकून फाटतात. संथ झुलणारी वल्ही लावा, मिनिटाला दहाएक फेऱ्या. पाणी फिरत राहावं आणि अळ्या तळाला साचू नयेत, इतकंच काम आहे.

खाद्य. ऱ्होडोमोनास आणि ड्युनालिएला मिळून दर मिलिलिटरला काही हजार पेशी, सुरुवातीला अडीच हजाराच्या आसपास, मोठ्या अळ्यांना पाच हजारांपर्यंत. पेशी मोजणीच्या काचेवर मोजायच्या, रंगावरून अंदाज करायचा नाही. शैवाल ज्या खतपाण्यात वाढलं ते अळ्यांच्या बरणीत जाऊ नये म्हणून ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वरचं पाणी टाकून, स्वच्छ समुद्राच्या पाण्यात परत मिसळून घाला. सेंट्रिफ्यूज हलका चालवा. पेशी फुटल्या तर त्यांचा जीवाणूंना मेजवानीखेरीज उपयोग नाही.

पोट पाहायला शिका. चांगल्या अळीचं पोट गोल आणि शैवालाच्या रंगाचं दिसतं. पोट रिकामं, काचेसारखं असेल तर खाद्य कमी पडतंय किंवा गर्दी जास्त आहे. पोट आक्रसलेलं आणि तळाला तपकिरी लोळ असेल तर खाद्य जास्त झालंय. उपाशी अळ्या दोन दिवसांत सावरतात, सडलेल्या पाण्यातल्या सावरत नाहीत. शंका असेल तेव्हा कमी घाला.

पाणी बदलणं. दर दोन-तीन दिवसांनी, ८०-९० टक्के. नायटेक्स (बारीक नायलॉन) जाळीची गाळणी बरणीत बुडवायची आणि सायफनची नळी गाळणीच्या आत ठेवून पाणी ओढायचं, म्हणजे अळ्या जाळीबाहेर, पाण्यातच राहतात. बरणी गाळणीवर उलटी करणं हा सर्वांत घाईचा आणि सर्वांत महागडा मार्ग आहे. ओढ मंद ठेवा, गाळणी अधूनमधून हलवा, आणि जाळीला अळ्या चिकटलेल्या दिसल्या की नळी लगेच चिमटा.

जाळी किती बारीक? अळीच्या लांबीवर जाऊ नका, तिच्या सर्वांत अरुंद बाजूवर ठरवा. सुरुवातीला साठ-सत्तर मायक्रॉन. अळ्या मोठ्या झाल्या की जाळीही मोठी करायचा मोह होतो, पण या जातीत एक अडचण आहे.

क्लोन. सूर्यफूल ताऱ्याच्या अळ्या स्वतःचे तुकडे सोडतात आणि त्या तुकड्यांपासून नव्या अळ्या बनतात. भांड्यात मध्येच गोल गोल, गर्भासारखे पोहणारे जीव दिसू लागले तर दुसऱ्या बरणीतून काही मिसळलं असं समजू नका, आणि कचरा समजून जाळीतून जाऊही देऊ नका. पण त्यांना मूळ तुकडीतही ठेवू नका. ते मागच्या वयाचे असतात, त्यांचं खाणं आणि जाळी वेगळी लागते. बाजूला काढा, 'क्लोन' अशी चिठ्ठी लावा, मूळ जोडीचा क्रमांक लिहा. जनुकांच्या हिशेबात हे नवे भाऊबहीण नसतात. एकाच अळीची दहा रूपं दहा पिल्लं म्हणून नोंदवली तर पुढचं सगळं गणित खोटं ठरतं.

तपासा, आठवड्यातून एकदा: प्रत्येक बरणीतून दहा अळ्या काढून भिंगाखाली पाहा. पोट, हातांची वाढ, क्लोन सुटत आहेत का, आणि शेवटच्या आठवड्यांत मागच्या टोकाला ताऱ्याचा आकार दिसतो का.

## टप्पा ७: तळाला बसवणं

शेवटच्या अवस्थेत अळीला पुढच्या बाजूला तीन आखूड, चिकट हात फुटतात आणि त्यांच्यामध्ये चिकटण्याची चकती तयार होते. मागच्या टोकाला इवल्या ताऱ्याचा गच्च, अपारदर्शक आकार दिसतो. हे दोन्ही असेल, आणि अळी काचेला हातांनी चाचपडत असेल, तरच ती तयार आहे. फक्त वय झालं म्हणून पूर्ण बरणी बसवायच्या डब्यात ओतणं ही या टप्प्यातली नेहमीची चूक. त्यातल्या निम्म्या कच्च्या असतात. त्या ना बसतात, ना खातात.

क्रम असा:

१. साय धरलेल्या डब्यात गाळलेलं थंड पाणी घ्या. ढवळणी नको.

२. सांध्या-सांध्यांची गुलाबी कोरलाइन शैवालाची लहान फांदी ठेवा. या जातीच्या अळ्या अनेक पृष्ठांवर बसतात, तरी कोरलाइन असलं की काम सोपं जातं.

३. ठेवण्याआधी ती फांदी भिंगाखाली उलटसुलट पाहा. त्यात दडलेले बारीक किडे, कुरल्यांची पिल्लं आणि समुद्री कृमी तुमच्या पिल्लांवर जेवतील. गाळलेल्या पाण्यात जोरात खळबळून दोन-तीनदा धुवा.

४. रुंद तोंडाच्या पिपेटने निवडलेल्या अळ्या सोडा आणि एक-दोन दिवस हात लावू नका.

५. न बसलेल्या अळ्या परत बरणीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा संधी.

प्रत्येक डब्यावर बसवल्याची तारीख आणि जोडीचा क्रमांक लिहा. तारखेशिवाय पुढच्या टप्प्यात कुणाला काय घालायचं ते कळत नाही.

इशारा: पिल्लं भिंत चढत वर जातात आणि पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून तरंगू लागतात. तिथे ती वाळतात. रोज पिपेटने वरून थेंब सोडून त्यांना खाली पाडा.

## टप्पा ८: पिल्लं

नुकतं बसलेलं पिल्लू पाच हातांचं असतं. बाकीचे हात नंतर फुटत जातात, त्यामुळे पाचच दिसले म्हणून दचकू नका. बसल्यावर काही दिवस ते खात नाही. अळीचं अंग आत ओढून घेऊन त्याच्यावर जगतं. या दिवसांत अर्चिनची पिल्लं डब्यात सोडून ठेवा, पण ढीग करू नका. मेलेली अर्चिन रोज काढा.

खायला लागलेलं पिल्लू ओळखायला सोपं: ते एका जागी थांबतं, मध्यभाग फुगतो आणि शेजारी अर्चिनचं रिकामं कवच दिसतं. बसल्यापासून दोन-तीन आठवड्यांत एकही कवच दिसलं नाही तर भक्ष्य मोठं आहे. धाकटी तुकडी आणा. सँड डॉलरची (अर्चिनच्या चपट्या नातलगाची) पिल्लंही चालतात, हाती असतील तर मिसळून द्या.

पुढची अडचण म्हणजे ती एकमेकांना खातात. एक पिल्लू शेजाऱ्याच्या दुप्पट झालं की शेजारी त्याचं खाद्य होतो, मग ते आणखी वाढतं, आणि तुम्हाला वाटतं की वाढ चांगली चालली आहे. मोजणी कमी आणि सरासरी आकार जास्त होत असेल तर आनंद मानू नका, तीच खूण आहे. दर आठवड्याला आकारानुसार वेगळं करा. सेंटिमीटरभर झाली की शक्यतो प्रत्येकाला स्वतःचा जाळीचा डबा.

उचलताना चिमटा नको. मऊ ब्रशने कडा हलकेच सोडवायची, पाण्याचा झोत द्यायचा, पिपेटने ओढायचं. घट्ट धरलेल्या पिल्लाला ओढलं तर नळीपाय तुटून काचेवर राहतात.

वाढत गेली की अर्चिनवरून बारीक शिंपल्यांवर या. एका दिवसात बदलू नका, दोन्ही काही दिवस एकत्र द्या. मोठ्या टाकीत हलवताना बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नळाला जाळी लावा आणि झाकण घट्ट ठेवा. या वयाचा तारा शोधायचा झाला तर आधी सांडपाण्याच्या नळीत पाहा.

उन्हाळ्यात पाणी गरम होऊ देऊ नका. झड रोग उबदार पाण्यात जास्त जोर धरतो. शीतयंत्र बंद पडलं तर काय करायचं याची चिठ्ठी भिंतीवर असावी आणि पर्यायी पंप आधीच चालवून पाहिलेला असावा.

## टप्पा ९: सोडण्याआधी

हा निर्णय पैदास करणाऱ्याने एकट्याने घ्यायचा नसतो. फ्रायडे हार्बरला २०२४ मध्ये वाढवलेले तारे प्रथमच प्रयोग म्हणून समुद्रात सोडून पाहिले गेले, तेही निरीक्षणाखाली. तुमच्याकडून परवाना देणाऱ्या खात्याला तीन गोष्टी लागतील: प्रत्येक ताऱ्याचे आईबाप, त्याचा आजारपणाचा इतिहास, आणि तो कुठल्या पाण्यात वाढला.

त्यासाठी नोंदवहीत पहिल्या दिवसापासून एक ओळ तुटता कामा नये: मादी, नर, अंड्यांची तारीख, बरणी, क्लोन की मूळ, बसल्याची तारीख, डबा, टाकी. एका ठिकाणी जरी 'बहुतेक' असं लिहिलेलं सापडलं तरी तो तारा सोडायच्या यादीतून काढून प्रयोगांसाठी किंवा प्रदर्शनासाठी ठेवा.

सोडण्याच्या तुकडीला शेवटचे काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, जिथे नवा तारा किंवा बाहेरचं खाद्य येणार नाही. अर्चिनवर झेप घेतात का, उलटे पडले तर सरळ होतात का, हात सगळे शाबूत आहेत का, हे एकेका ताऱ्याचं पाहून लिहा. या टाकीतला एक जरी तारा संशयास्पद दिसला तर अख्खी तुकडी थांबते, फक्त तो एक नाही. आणि टाक्यांचं पाणी समुद्रात जाण्याआधी त्यावर अतिनील किंवा क्लोरीनची प्रक्रिया झालेली असावी. क्लोरीन वापरलं तर ते थायोसल्फेटने मारून, पट्टीने तपासून मगच झडप उघडा.